देवीचा परवाना

दुर्गेशचा रुमाल धडधडा पेटला आणि मोहाच्या झाडाखाली जमलेल्या अख्ख्या गावाने श्वास रोखला. बुवाने चिमट्यात धरलेला तो रुमाल गरगर फिरवला, ज्वाळा निळ्या पडल्या तसा पितळी थाळीखाली दाबला आणि मग दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवला. पांढराशुभ्र, एक धागासुद्धा करपला नव्हता. बायांनी जमिनीला डोकी टेकली.

"सरकार का कायदा कागज का, देवी का कायदा अग्नि का!" बुवा गरजला. "कागज जलता है बच्चा, ये नहीं जला. जा, तुझे माई की परवानगी."

परवानगी कशाची? तर दारू प्यायची! दुर्गेश सतरा वर्षांचा, मिसरूड नुकती फुटलेली. त्याला देवीने खास वेळ काढून पेला हाती दिला होता. चिचगडच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या या गावात देवीला दुसरी कामं उरली नसावीत.

गर्दीच्या मागे, एकट्या उभ्या असलेल्या अनुसयाबाईंनी हे सगळं पाहिलं. त्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवत. नवरा खेमराज दारूने गेला तेव्हा त्याचं यकृत पार संपलेलं होतं, पोट फुगून माठासारखं झालं होतं. तेव्हापासून बाईंनी एकच ध्यास घेतला. दारूला कायद्याने पंचविशीची अट आहे, ती गावातही पाळायची. उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत त्यांनी ठराव मांडला, की पंचविशीच्या आतल्या कोणालाही गावात दारू विकायची नाही. बायांनी भराभर हात वर केले आणि ठराव झाला. बसथांब्यामागे चोरून दारू विकणाऱ्या सेवकरामचं निम्मं गिऱ्हाईक म्हणजे शाळा सोडलेले पोट्टेच, त्याचं तोंड कडू झालं. आणि पुढच्याच महिन्यात सीमेपलीकडून हा ज्वालादास महाराज उगवला. उतरला कुठे? सेवकरामच्याच ओसरीवर. पण दोन आणि दोन चार करायला गावाला सवड कुठे होती!

ठरावाच्या बाजूने सगळ्यांत जोरात बोललेला जागेश्वर शेतकरी. बुवाने त्याचाही गमछा मागून घेतला, तर तो पेटला आणि थेट राख झाला. देवी कोपली, असं गावाने ठरवलं. झालं! त्या दिवसापासून बाईंकडे येणाऱ्या बाया येईनाशा झाल्या. नळावर बाई गेल्या की बोलणं थांबायचं. शेजारची फुलवंता रोज संध्याकाळी येऊन बसायची, तिनेही दार लोटून घेतलं. बाईंना ते फार लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते पोराचं. एकोणीस वर्षांचा भुपेंद्र घरात होता आणि नव्हताही. जेवायचा, ताट उचलायचा, बाहेर पडायचा. "गावात तोंड दाखवायले जागा ठेवली नाही तू," एवढं एकच वाक्य तो बोलला होता. आणि येत्या शुक्रवारी त्याचा रुमाल देवीपुढे जाणार होता. बापाचं पोट ज्याने पाहिलं तोच पोरगा त्याच वाटेला लागणार, म्हणून बाईंचा जीव कासावीस होत होता.

बाईंनी मात्र डोकं ताळ्यावर ठेवलं. या भागात भट्टी लावणाऱ्या घरी पहिली धार आधी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सांडतात, मग चमचाभर चुलीत शिंपडतात. भडका उडाला तर दारू चोख. त्यामुळे दारू पेटते हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बुवाही उघड सांगायचा की आपण रुमाल भिजवतो ती दारू पहिल्या धारेची आहे, देवीचा प्रसाद आहे. आणि नेमकी तिथेच गावाची गफलत झाली. भडका उडाला म्हणजे दारू चोख आणि देवी खूश, एवढंच सगळ्यांनी धरलं. चोख दारूत कोणी मुद्दाम पाणी घातलं असेल, हे मनातच आलं नाही. इथे दारूत पाणी घालणं म्हणजे पाप!

बाईंनी दुर्गेशच्या आईकडून तो प्रसादाचा रुमाल पाहायला म्हणून मागितला होता. हाताला तो ओला लागला होता. जळून निघालेलं कापड ओलं?

रविवारी दुपारी त्यांनी शाळेतलं स्पिरिट घरी आणलं, अंगणात पाण्याची बादली ठेवली आणि जुने रुमाल काढले. नुसत्या स्पिरिटमध्ये भिजवलेला रुमाल पेटला तो काळाठिक्कर पडला. पाणी थोडं घातलं, कडा करपल्या. पुन्हा वाढवलं, करत करत निम्मं स्पिरिट आणि निम्मं पाणी झालं. रुमाल पेटला, निळा जळला, थाळीखाली विझला आणि जसाच्या तसा बाहेर आला. "जमलं गं बाई!" त्या मोठ्याने म्हणाल्या. घरात ऐकायला कोणी नव्हतं. मग त्या पायरीवर बसल्या आणि थोडा वेळ रडल्या.

संध्याकाळी त्यांनी फुलवंताचं दार वाजवलं. काय हवं ते सांगितलं. फुलवंताने आतून एक धुतलेलं कापड आणून हातात ठेवलं आणि आपलं नाव कुठे घेऊ नका म्हणाली.

शुक्रवारी गर्दी आणखी वाढली. भुपेंद्र रांगेत पुढेच होता. बाई सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि घडी केलेलं पांढरं कापड बुवापुढे धरलं. खाली मान घालून म्हणाल्या, आधी याचा निवाडा करा. बुवाचा चेहरा खुलला. गावची शिकलेली बाई शरण आली, याहून मोठा चमत्कार कोणता? त्याने तीर्थ शिंपडलं, कापड भिजवलं, पेटवलं, फिरवलं, थाळीखाली दाबलं. कापड शाबूत!

"जिसका ये कपडा, उसको माई की पूरी परवानगी! जितना पिए, उतना कम!"

बाईंनी कापड हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर उलगडलं. तो लंगोट होता, नाड्यांसकट. कोणीतरी खुदकन हसलं. आणि मागून फुलवंताचा आवाज आला.

"माह्या नातवाचा होय तो. अजून दात नाही आले त्याले. पाजू का मंग?"

बुवा काहीतरी पुटपुटू लागला, पण बाईंनी त्याला संधी दिली नाही. आपली बाटली काढली, जागेश्वरचा नवा गमछा मागितला आणि तसाच पेटवून तसाच शाबूत दाखवला. दारू जळते तेव्हा सोबतचं पाणी उष्णता पिऊन घेतं आणि कापड ओलं राहतं, म्हणून ते जळत नाही. पाणी आटायच्या आत थाळी ठेवायची, एवढीच देवी. ज्याचं जाळायचं त्याला बिनपाण्याची कडक बाटली. बुवाच्या झोळीत दोन बाटल्या आहेत, वास घेऊन पाहा, असं त्यांनी सांगितलं. जागेश्वरने झोळी उपडी केली. दोन बाटल्या निघाल्या. सेवकराम कधी सटकला ते कोणी पाहिलं नाही. बुवाला मात्र सटकू दिलं नाही, जागेश्वर आणि चार जणांनी त्याला पोलीस पाटलाच्या घरी नेलं.

लोक पांगू लागले. कोणी बाईंजवळ आलं नाही, लाजेने म्हणा की रागाने. भुपेंद्र तेवढा तिथेच उभा होता, लालबुंद होऊन.

"बुवा खोटा होता, मानलं," तो म्हणाला. "पर मत द्यायले अठरा पुरते, लगनाले एकवीस, मंग यालेच पंचवीस कायले? हे तुह्या कागदावर आहे म्हणून खरं का?"

कितीतरी दिवसांनी पोरगा त्यांच्याशी बोलत होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "कागदावर आहे म्हणून खरं नाही, अन् देवीनं सांगितलं म्हणून खोटंही नाही. कोवळ्या वयात लागलेली दारू सुटायला जड जाते, हे डॉक्टर सांगतात, अन् तुह्या बापाले सोळाव्या वर्षी लागली होती. माह्याजवळ हे कारण आहे. तुह्याजवळ दुसरं असन तर सांग. पटलं तर मी माहा हात खाली घेईन. पर कारण सांग बाबू, चमत्कार नोको दाखवू."

"मंग पुढच्या ग्रामसभेत मी तुह्या विरोधात बोलन."

"बोल. खूप बोल."

तो त्यांच्यासोबत घराकडे चालू लागला आणि वाटभर भांडत राहिला. शहरातल्या पोरांना कोण विचारतं, लपून पिणं जास्त वाईट नाही का, असं एकेक काढत होता. बाई एकेकाला उत्तर देत होत्या, आणि जिथे उत्तर नव्हतं तिथे नाही म्हणून सांगत होत्या. घरी त्यांनी दोन ताटं वाढली. तो जेवताना भांडायचा थांबला नाही, आणि ताट उचलून बाहेरही गेला नाही.