उद्यान कामासाठी बंद आहे

मी उद्यान विभागात कनिष्ठ अभियंता आहे. आमच्या घराजवळच्या मोठ्या उद्यानाच्या सुधारणेची फाइल मी तीन वर्षं टेबलाटेबलावरून पुढे रेटली. झोपाळ्यांच्या साखळ्या तुटलेल्या, स्वच्छतागृहाला कायमचं कुलूप. पायवाटेच्या फरश्या तर अशा उखडल्या होत्या की म्हातारी माणसं ओढा ओलांडावा तशी जपून पाय टाकायची. दर वर्षी निधी वाटायची वेळ आली की रस्ते आधी, गटारं त्यानंतर, आणि बाग उरलंसुरलं तर. साहेब म्हणायचे, "बाई, झोपाळा मोडला म्हणून कोणी मरत नाही."

शेवटी मंजुरी मिळाली ती मी जोडलेल्या फोटोंमुळे, असं मला अजून वाटतं. त्यातल्या एका फोटोत दोन म्हातारे बाकावर पाठमोरे बसलेले होते, मध्ये बुद्धिबळाचा पट. खाली मी लिहिलं होतं, 'ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळ्याचे एकमेव ठिकाण.' त्यातले उजवीकडचे माझे बाबा.

बाबा बसचे ड्रायव्हर होते. आई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच. त्यांचा दिवस उजाडायचा तो संध्याकाळी पाचला, उद्यानात. तिथे मास्तर भेटायचे. अकरा वर्षं दोघं रोज खेळले आणि रोज भांडले. "आज मास्तराचा वजीर लंबा केला," असं म्हणत बाबा घरात शिरले की मी समजायचे, आज दोन घास जास्त जाणार. मास्तर त्यांना नुसतं 'ड्रायव्हर' म्हणायचे. एकमेकांचं आडनाव, पत्ता, फोन, काहीच दोघांना ठाऊक नव्हतं. मास्तरांना ऐकू कमी यायचं, बाबांना फोनचा कंटाळा. आणि जो रोज पाचला समोर येऊन बसतो त्याचा नंबर घेऊन करायचं काय?

ठेकेदाराने एका मंगळवारी सकाळी उद्यानाभोवती पत्रे ठोकले. बंदची नोटीस आठवडाभर आधी आमच्या कार्यालयाच्या फळ्यावर लागली होती. तिथे ती कोण वाचणार? मी वाचली होती. बाबांना सांगायचं राहून गेलं, कारण मला तेव्हा फक्त आनंद झाला होता.

"सहाच महिने, बाबा," मी त्या संध्याकाळी म्हणाले. "मग बघा, कसं चकाचक होतं ते."

"बरं," बाबा म्हणाले.

सहाचे आठ महिने झाले. कारंज्याच्या पाइपवरून ठेकेदाराचं आणि विभागाचं बिनसलं आणि काम रखडलं. सुरुवातीला बाबा रोज पाचला पुढच्या गेटपाशी जाऊन उभे राहायचे, हे मला पहारेकऱ्याकडून कळलं. मग त्यांचं ते जाणंही थांबलं. जेवण निम्म्यावर आलं. मी काही विचारलं तर "हं" नाहीतर "बरं." डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "वयाच्या मानाने उत्तम." उत्तम माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होता.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मास्तरांना शोधायचं.

दोन रविवार मी निवृत्त शिक्षकांच्या मागे घालवले. शाळांत विचारलं, शिक्षकांच्या संघटनेत जाऊन यादी चाळली. हात हलवत परत आले. शेवटी बाबांनाच विचारलं, "मास्तर कुठल्या शाळेत होते हो?"

बाबांनी कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शाळा? अगं, कपडे शिवायचा तो. टेलर मास्तर!" आणि किंचित हसले. "शाळेत गेला असता तर खेळताना एवढा आडमुठेपणा केला नसता." मग म्हणाले, "मागच्या बाजूने यायचा. नाल्यापलीकडून. मी एकदा निघालो होतो बाहेरून वळसा घालून. रस्ता खणलेला, गुडघे बोलायला लागले. अर्ध्यातून परत आलो."

उद्यानातून ते अंतर चार मिनिटांचं. बाहेरून नाल्याला वळसा घालून अर्ध्या तासाचं.

पुढच्या रविवारी मी नाल्यापलीकडच्या गल्ल्यांत फिरले. हातात तोच प्रस्तावातला फोटो. दुसरा नव्हताच. किराणावाला म्हणाला, "ताई, पाठीवरून माणूस कसा ओळखायचा?" औषधाच्या दुकानातल्यानेही मान हलवली. कोपऱ्यावर एक इस्त्रीवाला बसला होता. त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. मास्तरांच्या जॅकेटच्या कॉलरवर बोट ठेवलं.

"ही कॉलर मी दर महिन्याला दाबायचो. चेहरे विसरतो मी, कपडे नाही विसरत." मग त्याने फोटो परत दिला. "पलीकडे, दुसरा मजला. पण ताई, जॅकेट आलं नाही बऱ्याच दिवसांत."

दार मास्तरांच्या सुनेने उघडलं. पाणी दिलं, बसायला सांगितलं. मी कोण ते सांगितल्यावर ती उभ्याउभ्याच खुर्चीच्या पाठीला धरून राहिली.

"दोन महिने झाले मामंजींना जाऊन," ती म्हणाली. "छातीत कफ झाला होता. पाऊस असो, ऊन असो, ऐकायचे नाहीत. घडीचं स्टूल घेऊन मागच्या गेटला जाऊन बसायचे. पत्र्यांपुढे. आम्ही विचारलं, तिथे काय आहे? तर म्हणायचे, 'ड्रायव्हर येईल.'"

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आम्हाला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. आमच्याकडे कधी सायकलसुद्धा नव्हती हो, ड्रायव्हर कुठला यायला? हे तर एकदा चिडून म्हणाले, 'बाबा, ड्रायव्हर नाहीये आपल्याकडे!' तर मामंजी लहान मुलासारखे रडले." तिने पदराने डोळे पुसले. "शेवटच्या दिवशीही तेच. आम्हाला माहीत असतं ते कोण, तर शोधून आणलं नसतं का त्यांना?"

ड्रायव्हर पत्र्यांच्या दुसऱ्या बाजूला उभा होता, हे मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कुणास ठाऊक. तिला माझा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

घरी आले तेव्हा बाबा उठून बसले होते. दाढी केली होती.

"सापडला?"

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. बाबांनी एकच विचारलं, "कुठल्या गेटला?"

"मागच्या."

ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले. "सोमवारी भांडण झालं होतं आमचं," मग म्हणाले. "मी चाल मागे घेतली, तो चिडला. मी म्हटलं, जा, तोंड दाखवू नकोस उद्यापासून. रोजच म्हणायचो मी तसं. आणि दुसऱ्या दिवशी पत्रे."

"बाबा, मला सांगायला हवं होतं तुम्हाला. नोटीस माझ्या डोळ्यांसमोर होती."

"हं," बाबा म्हणाले. हात मात्र माझ्या डोक्यावर ठेवला, आणि तो मला सहन होईना.

उद्यान चौदाव्या महिन्यात उघडलं. फीत कापली, भाषणं झाली, साहेबांनी माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, उद्यान सुंदर झालंय. पायवाट सपाट, स्वच्छतागृह उघडं, सकाळी ज्येष्ठांचा व्यायामवर्ग भरतो, झोपाळ्यांवर रांग असते. बाबांना मी एकदा हाताला धरून नेलं. नव्या बाकावर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "या की, डाव मांडू. येतो ना तुम्हाला?"

"नाही हो," बाबा म्हणाले. "मला येत नाही."

त्यानंतर ते उद्यानात गेले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

आता पलीकडच्या वस्तीतल्या बागेचा निधी मंजूर झालाय. मी टिपणात लिहिलं, काम अर्ध्या-अर्ध्या भागात करावं, एक बाजू नेहमी उघडी ठेवावी. साहेबांनी वाचलं. "खर्च वाढतो, मुदत वाढते. कशासाठी, बाई?" मी कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पण शेरा मारला तो 'शक्य नाही' असाच.

म्हणून परवा सुट्टीच्या दिवशी मी वही घेऊन त्या बागेत गेले. चिंचेखाली दोन आजी शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आजी, पुढच्या महिन्यापासून बाग बंद होणार आहे. वर्ष तरी लागेल. तुम्हाला एकमेकींचं घर माहीत आहे का?"

"न माहीत असायला काय झालं?" एक आजी फणकारली. "वीस वर्षांची मैत्रीण आहे माझी." मग ती शेजारच्या आजीकडे वळली, जरा थांबली. "तू गं, राहतेस कुठे नक्की?"

दुसरी खुदकन हसली आणि सांगू लागली. मी वहीचं पान उघडलं.