महाराजांच्या हातात चालणारं लेकरू

डोंगरकडा गावच्या शाळेपुढल्या पटांगणातल्या मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाऊलबाबानं एक कोवळं, नुकतं बारसं झालेलं लेकरू दोन्ही काखांखाली धरून उभं केलं, त्याचे तळवे तांब्याच्या परातीला टेकवले, आणि लेकरानं एक पाय उचलला. मग दुसरा. चाललं की!

"पाऊलबाबा की जय!" बाया हमसून रडल्या. नारळांचा खच पडला.

"पाहा माउलींनो! आमी हिमालयात बारा वर्षं एका पायावर उभे होतो, ते ह्यासाठीच!"

बारा वर्षं एका पायावर उभा राहिलेला हा गडी गाडीतून मंडपात मात्र दोघांच्या खांद्यावर आला होता.

पुढं सुकन्या बसली होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली सून. मांडीवर तिचा अंगद, दहा महिन्यांचा; ना धड बसत होता, ना तोंडातून 'बा' निघत होता. सासू भिकाबाईनं तिला ओढूनच आणलं होतं.

बाबानं अंगदला परातीत धरलं. पोरगं नुसतं लोंबकळलं.

"भूमिदोष!" बाबा गरजला. "वर्षभर ह्याला झोळीतून खाली उतरवायचं न्हाई. ह्याच्याशी कुणी बोलायचं न्हाई, वाचा आत साठू द्या. अन् रोज जिभेला आमचा मंतरलेला मध."

"ऐकलंस का गं?" भिकाबाईनं हात जोडले.

सुकन्यानं अंगदला परातीतून उचलून घेतलं. अजून वर्षभर झोळी? जन्मल्यापासून पोरगं झोळीतच होतं. सगळं घर मेंढरांमागं, खाली विंचू-काटा, म्हणून लेकरू दिवसभर बाभळीला टांगलेलं. बोलणार कोण त्याच्याशी? परवाच कळमनुरीच्या लेकरांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, "पोराला रोग नाही. खाली खेळवा, बोला, महिन्यानं परत दाखवा." तिनं पाऊलबाबाचं विचारलं, तेव्हा डॉक्टर हसला होता. काहून हसला, तेही त्यानं सांगितलं होतं.

अंगदला सासूच्या मांडीवर देऊन ती उठली. "शिला, तुझी पोरगी दे जरा." शेजारीण शिला तीन आठवड्यांची लेक घेऊन रांगेत होती, बाबाची सावलीही तिच्यावर पडली नव्हती. सुकन्यानं मानेला नीट आधार दिला, पोरीचे तळवे साध्या लाकडी फळीला टेकवले. पोरगी टकाटका पाय टाकू लागली!

"हिला कुणाचा मंत्र लागला, बाबा?"

बाबानं हात उगारला.

"अगं पापिणी, शाप देईन!"

"द्या की! नवं लेकरू असं धरलं की पाय हालवतंच. ती जन्माची खोड हाय, दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते. म्हणून तर हा नवीच लेकरं निवडतो! मोठं चाललं न्हाई, की म्हणे भूमिदोष!"

"सुकन्या, बस खाली," भिकाबाई पुटपुटली.

"आत्याबाई, कोकरू डालग्याखाली कोंडून ठेवलं तर पाय धरत न्हाई, हे तुमीच शिकवलं मला. कोकराला रोज उधळायला सोडता, अन् नातू टांगून ठेवता?"

भिकाबाईनं नातवाकडं पाहिलं. "पण विंचू-काटा गं..."

"जागा झाडू. आळीपाळीनं जवळ बसू."

म्हातारी खाली वाकली. भुई हातानं साफ केली, खांद्यावरची घोंगडी अंथरली. "टाक इथं पोराला."

अंगद पालथा पडला अन् रडला. थोड्या वेळानं मान उचलून आजीच्या बांगड्यांकडं हात नेऊ लागला. चालला न्हाई. रांगलाही न्हाई, त्याला पुढं बरेच आठवडे लागले. पण भिकाबाई त्या गर्दीत फतकल मारून नातवाशी गप्पा मारत बसली, अन् बाबाची गाडी धूळ उडवत कधी गेली, ते तिनं मान वर करून पाहिलंही न्हाई.

लोकहो, जागं लेकरू भुईवर सोडा, नजर ठेवा, तोंडात जाईल अशी बारकी वस्तू जवळ ठेवू नका. वर्षाच्या आत मध चाटवू नका; मंतरलेला असो की साधा, जिवावर बेतू शकतं. उशीर वाटला तर डॉक्टर गाठा. लेकरू 'ब्ब' म्हणालं तर तुम्हीही 'ब्ब' म्हणा, लाजू नका. आणि लेकराशी बोलू नका असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याला तोंडावर विचारा: मग तुझंच बोलणं आम्ही काहून ऐकावं?