आठ दिवसांसाठी दिलेला रुपया

“अन् ताई, तो एकटाच उरला ना आता, तो डागाचा रुपया, त्याले भाऊजी उद्या सदर बाजारात नेऊन सरळ आगीत—”

इथे कुकरची शिटी झाली आणि पुढचं वाक्य वाफेत गेलं. शिटी थांबली तेव्हा मीराबाई भेंडीच्या भावावर आल्या होत्या.

तो डागाचा रुपया म्हणजे मी. चांदीचा, राणी छाप, साल १८६२. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात दिवाकररावांच्या पुढच्या खोलीत, टेबलावरच्या अल्बममध्ये पडल्या पडल्या बोलतोय. ही खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे, आणि शेजारच्या मीराबाईंचा आवाज भिंत मानत नाही. कान लावून ऐकतोस का, असं विचाराल तर हो, ऐकतो. खोटं काहून बोलू? अल्बममधल्या नाण्याला दुसरं काम काय असतं?

मीराबाई हे सांगत होत्या मंदाकिनीबाईंना, म्हणजे दिवाकररावांच्या बायकोला. फक्त गॅस बंद केल्याचा आवाज आला. या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. तेव्हा एकच झाली होती.

आता ‘डाग’ म्हणजे काय, ते सांगतो. कपड्यावर पडतो तो डाग. सोनार दोन तुकडे जोडताना सांधा मारतो, तोही डाग. आणि जुन्या बायका अंगावरच्या दागिन्याला डागच म्हणतात. मी तिन्ही आहे.

जन्म मुंबईच्या टांकसाळीतला. कधीचा, ते नक्की सांगता येत नाही. अंगावर १८६२ आहे, पण पुढे बरीच वर्षं तेच साल छापत राहिले. खरं साल कळावं म्हणून काही रुपयांवर बारीक ठिपके दिले, असं नाणी जमवणारे सांगतात. एखादा ठिपका नेहमीचा, एखादा दुर्मीळ. हा ठिपका लक्षात ठेवा. माझं वाटोळं त्यानेच केलं.

तरुणपणी मी हातोहात फिरलो. धानाच्या व्यापाऱ्याचा हात, शिपायाचा हात, बैल विकून घरी निघालेल्या माणसाची ओली मूठ. मग रायपूरजवळच्या अभनपुरात एका सोनाराने राणीच्या मुकुटाच्या वर कडी बसवली आणि मी अकरा भावांबरोबर माळेत गेलो. इकडे गावातल्या बायका रुपयांची माळ घालत, तिला रुपियाच म्हणत. आमची माळ सासूकडून सुनेकडे येत येत बिसाहिन नावाच्या बाईच्या गळ्यात आली. ती चालली की आम्ही बारा जण एकदम बोलायचो.

अभनपूरच्या स्टेशनवर तेव्हा छोट्या लाईनचा, म्हणजे नॅरोगेजचा, एक तिकीटबाबू होता, वर्ध्याकडचा. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात अडली. बिसाहिन स्टेशनच्या मागे राहायची, ती दोन दिवस तिच्या उशाशी बसून होती. मुलगी झाली तेव्हा तिने आपल्या माळेतून एक रुपया सोडवला आणि म्हणाली, “ले दीदी, नोनी के गर मा बाँध देबे.” नोनी म्हणजे मुलगी, गर म्हणजे गळा. ती मुलगी मंदाकिनी, आणि तो रुपया मी.

अकरा भाऊ मागे राहिले. पहिल्यांदा एकटा पडलो तो तेव्हा. पण लहान मुलाच्या गळ्यात एकटेपणा फार टिकत नाही. दात येताना तिने मला चोखलं. शाळेत गणित अडलं की ती मला ओठांत धरायची आणि गुरुजी म्हणायचे, “मंदाकिनी, आधी तोंडातला रुपया काढ, मग उत्तर दे.” पुढे विचार करताना अंगठा माझ्यावर फिरवायची सवय लागली. राणीचं नाक सपाट झालं ते या अंगठ्याने. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

लग्न झालं ते रेल्वेच्या ऑफिसात असलेल्या दिवाकररावांशी. त्यांना जुन्या इंग्रजी नाण्यांचा नाद. “नवरीचं तोंड पाहण्याआधी यांनी माझ्या गळ्यातलं साल वाचलं,” असं मंदाकिनीबाई सगळ्यांना सांगायच्या. तेव्हा त्या थट्टा करायच्या.

दिवाकरराव माणूस वाईट नाही. नाणं पाहताना ते पांढरे हातमोजे घालत, कडेने धरत, भिंगाखाली श्वास रोखून बघत. मुकुटावरची रेघ किती शिल्लक, केस किती झिजले, मूळची चमक आहे की कोणी चिंच लावून घासलंय. मग चिठ्ठीवर बारीक अक्षरात दर्जा लिहीत. समोरचं गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी दर्जा एक पायरी वर चढवत नसत. नागपूरच्या प्रदर्शनात लोक म्हणत, दिवाकररावांची चिठ्ठी असली की भिंग काढायची गरज नाही.

एक दिवस त्यांना वाटलं, माझ्या कडीचा डाग जिथे सांडलाय, त्याच्याखाली तो दुर्मीळ ठिपका असेल.

“मंदा, आठ दिवसांसाठी दे. कडी काढून बघतो अन् परत लावून देतो.”

“कडी तुटली तर?”

“अगं, सोनार काढेल. आठ दिवस फक्त.”

तिने डोक्यावरून दोरा काढला आणि मला त्यांच्या हातावर ठेवलं. गळ्यावर माझ्या आकाराचा फिकट गोल उमटला होता, तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सदर बाजारात कडी निघाली, पण डाग निघाला नाही. चांदीचा तो गोळा ठिपक्याच्या जागेवरच पसरून बसला. भिंगाखाली कधी ठिपका आहे असं वाटायचं, कधी नाही असं. दिवाकररावांनी माझ्या चिठ्ठीवर लिहिलं: ‘डाग. ठिपका?’ आणि मला अल्बममध्ये सरकवलं.

ते प्रश्नचिन्हच वैरी झालं. उत्तर मिळाल्याशिवाय द्यायचं कसं? आणि पुन्हा कडी लावली, तर उत्तर कायमचं बुजणार. मंदाकिनीबाईंनी एकदाच विचारलं होतं, “झालं का बघून?” दिवाकरराव म्हणाले, “थोडं राहिलंय.” त्यानंतर बाईंनी विचारलं नाही आणि या खोलीत येणंही सोडलं. चहा उंबऱ्यावरच्या स्टुलावर ठेवून जायच्या. आठ दिवसांची बत्तीस वर्षं झाली.

प्लास्टिकच्या खिशात राहणं कसं असतं, ते तुम्हाला कसं सांगू? हवा नाही, घाम नाही, आपला खणखणाट नाही. शेजारच्या खिशात बोडक्या डोक्याचा एडवर्ड होता, पलीकडे पंचम जॉर्ज. सगळे राजे एका पानावर, पण कोणाचा कोणाला स्पर्श नाही. पाहुणे आले की दिवाकरराव पहिलं वाक्य म्हणायचे, “हात नका लावू, घाम लागतो.” ज्याने शंभर वर्षं घामातच काढली, त्याने हे ऐकायचं.

पाहुण्यांना माझं पान दाखवताना ते भराभर उलटायचे.

मागच्या वर्षी त्यांनी एका रुपयाचा दर्जा चुकवला. केस झिजलेले त्यांना दिसलेच नाहीत. घेणाऱ्याने तो परत आणून दिला, तक्रारही केली नाही, आणि तेच यांना जास्त लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले आणि टेबलाशी बसून राहिले. फोनवर कोणाला तरी सांगत होते, “पडद्याची झीज झाली म्हणतात. बारीक दिसणार नाही आता.” झीज. जन्मभर आमच्या चिठ्ठ्यांवर त्यांनी हाच शब्द लिहिला होता.

मग त्यांनी संग्रह विकायला काढला. शंकरनगरचा चारुदत्त आला, जुनी नाणी विकत घेणारा. घरी मराठी, पण बोलतो हिंदी. पान पान उलटून त्याने सगळं घेतलं. माझ्यापाशी थांबला.

“काका, ये टांकेवाला आप ही रखिए. इसको कोई नहीं लेगा.”

“ठिपका असू शकतो त्याच्याखाली,” दिवाकरराव म्हणाले.

“हो सकता है काका. लेकिन दिखना भी तो चाहिए.”

एडवर्ड गेला, जॉर्ज गेला. पानावर रिकामे खिसे राहिले आणि मधे मी. त्या दिवसांत बत्तीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं. दिवाकररावांनी मला खिशातून काढलं आणि उघड्या अंगठ्याने चाचपलं. हातमोजे नाहीत, भिंग नाही. आंधळ्यासारखा अंगठा डागावर गेला, तिथून राणीच्या नाकावर आला आणि तिथेच थांबला. ते सपाट नाक कोणाच्या अंगठ्याने झालं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

आणि मग मीराबाईंची ती बातमी आली. त्या जोडवी सांधायला सदर बाजारात सोनाराकडे बसल्या होत्या, तेव्हा दिवाकरराव त्याच्याशी ‘आग’ आणि ‘रुपया’ असं काहीतरी बोलत होते, एवढं त्यांनी ऐकलं होतं. बाकीचं त्यांनी जोडलं. मीही जोडलं. मोडीत जाणार, वितळणार. भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगतो, रिकाम्या पानावर आणखी वीस वर्षं काढण्यापेक्षा निदान कशात तरी मिसळू, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाकररावांनी मला सदऱ्याच्या खिशात टाकलं, सदरा खुंटीला लावला आणि आंघोळीला गेले.

पाणी वाजू लागलं. तेवढ्यात उंबऱ्यावर पावलं थांबली, मग आत आली. अल्बमचं पान उलटल्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो. एक पान, दुसरं, तिसरं. माझ्या पानावर आवाज थांबला. तिथे रिकामा खिसा आणि चिठ्ठी तेवढी होती.

“डाग,” मंदाकिनीबाईंनी वाचलं. मग हळूच, “ठिपका.”

मी तीन हातांवर होतो. खिशात होतो म्हणून ओरडलो नाही असं नाही, आम्हाला ओरडताच येत नाही.

बाथरूमची कडी वाजली. दिवाकरराव टॉवेलने डोकं पुसत आले.

“काही हवंय का?”

“नाही. चहा ठेवू का, विचारायला आली होती.”

“ठेव. मग जाऊन येतो जरा बाजारात.”

“जा,” त्या म्हणाल्या. एवढंच. जाताना अल्बम त्यांनी बंद केला.

सोनार यज्ञेश्वर. त्याच्याच वडिलांनी माझी कडी काढली होती. त्याने मला उलटसुलट केलं.

“दिवाकर भैया, पुन्हा विचार करा. आता डाग दिला तर खालचं कधीच दिसणार नाही.”

“मले तसंही कुठे दिसून राहिलं?”

“अन् आग द्यावी लागेल, ते सांगितलंच होतं.”

“दे. तिची वस्तू आहे.”

सांध्यावर टाकणखाराचा लेप, फुंकणीची निळी जीभ, आणि मग आग. होय, आगीत गेलो. मीराबाई तेवढ्यापुरत्या खऱ्या निघाल्या. अंग लाल झालं, वाटलं संपलं. पण आग कडेशीच थांबली आणि राणीच्या मुकुटावर पुन्हा कडी बसली. घरी येताना स्कूटरवाल्यांच्या गर्दीत दिवाकरराव खिशावर हात ठेवून चालत होते.

मीराबाई स्वयंपाकघरातच बसल्या होत्या. बातमीचं पुढे काय होतं, ते बघायला.

दिवाकररावांनी मला ओट्यावर ठेवलं.

“आगीत घातला होता की नाही भाऊजी?”

“घातला होता.”

“पाहा. मी का खोटं सांगितलं ताई? तेवढं वितळवायचं राहिलं म्हणा.” आणि त्या बाईने, जी बोलावल्याशिवाय येते आणि सांगितल्याशिवाय जात नाही, पदर खोचला आणि कधी नव्हे ते कोणी न सांगता ती उठून गेली.

मंदाकिनीबाईंनी मला उचललं नाही. बघत होत्या.

“झाले का तुमचे आठ दिवस?”

दिवाकररावांनी भाजीची टोपली जरा बाजूला सरकवली. “झाले,” म्हणाले.

“काहून लावली कडी? ठिपका राहिला ना बघायचा.”

“राहू दे.”

मंदाकिनीबाईंनी शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढला. दोऱ्याचं टोक मोकळं होतं, ते पिळायला दोन्ही हात लागत होते. म्हणून त्यांनी मला उचलून ओठांत धरलं. सवयीने धरलं असणार. पण धरल्यावर हात थांबले.

दिवाकरराव म्हणाले, “मंदा, आधी तोंडातला रुपया काढ.” गुरुजींची ती गोष्ट त्यांना ठाऊक होती म्हणायची. त्या हसल्या नाहीत. पण रडल्याही नाहीत. दोरा ओवला.

गळ्यात मात्र घातला नाही. “बघू,” म्हणाल्या आणि खिडकीजवळच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. या घरात ‘बघू’ किती लांब असतो, ते मला माहीत आहे. आज पाचवा दिवस आहे. पोळ्या लाटताना कधी पिठाचं बोट लागतं, फोडणी देताना वाफ लागते. संध्याकाळी दिवाकरराव इथेच स्टूल घेऊन बसतात, शेंगा सोलतात, निम्मे दाणे सालांत टाकतात. मीराबाईंनी पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगितलंय की मंदाताई पुन्हा रुपया घालून राहिल्या. अजून नाही.

जाता जाता एक सांगतो. तुमच्या घरात कोणाकडून आठ दिवसांसाठी घेतलेलं काही असेल, तर ते आजच काढा. चांगलं झालं नसलं तरी द्या, तपासून झालं नसलं तरी द्या. आणि देताना हाताने द्या.

राहिला तो ठिपका. डागाखाली आहे की नाही, हे जगात मला एकट्याला ठाऊक आहे. सगळ्यांचं सगळं सांगितलं, पण हे सांगणार नाही. सांगितलं, तर दिवाकरराव मला पुन्हा मागून घेतील. आठ दिवसांसाठी.