रुमालाची जागा

मी मुलुंडच्या उद्यानातला सिमेंटचा बाक बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी जळकुटा आहे. समोरच्या बसंतराणीच्या झाडावर मी जळतो.

साच्यातून निघालो तेव्हा कसा गुळगुळीत होतो! टेम्पोतून इथे आणलं, पाठीवर नगरसेवकाचं नाव रंगवलं. पुढे नाव उडालं, कोपराही फुटला. पण मला जया आणि सुलक्षणा मिळाल्या. दोघी निवृत्त. रोज पाचला जया आधी यायची आणि शेजारी रुमाल टाकायची. कुणी टेकायला आलं की ठणकावायची, "इथे माणूस आहे!" मग सुलक्षणा यायची आणि दिवेलागणीपर्यंत सुनांपासून गुडघ्यांपर्यंत सगळं माझ्या कानावर पडायचं.

यंदा फेब्रुवारीत ती बया फुलली. अंगावर पान नाही, नुसता गुलाबी थाट! सगळे मोबाइल घेऊन तिच्याखाली. माझ्यावर लोकांच्या पिशव्या आणि चपला.

हास्यक्लबातल्या बायकांनी सुलक्षणालाही ओढलं. गुलाबी साड्या काय, रील काय! जया रुमालाशेजारी एकटी बसून बघायची. एकदा सुलक्षणा तिथूनच ओरडली, "जया, ये ना गं, एक फोटो!"

"तुमचं चालू दे," जया म्हणाली. अगदी माझ्या मनातलं बोलली.

तिने रुमालाची घडी करून पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. जळण्यात मला सोबत होती, तीही गेली.

पंधरवड्यात फुलं गळली, गर्दी पांगली. सुलक्षणा आली, मला रिकामा बघून उभीच राहिली. तिने जयाला फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग तिने स्वतःचा रुमाल काढून जयाच्या जागेवर पसरला आणि मोबाइलवर फोटो घेतला. माझा! रुमालाचा आणि माझा. जयाला पाठवून दिला.

एक काका टेकायला आले. "इथे माणूस आहे," सुलक्षणा म्हणाली.

अर्ध्या तासाने जया आली. "कुणासाठी धरलीस जागा?"

"आहे एक जळकुटी. बस आता."

जयाने रुमाल उचलला, त्यानेच डोळे पुसले आणि बसली.

वाचकहो, फुलं बघायला जरूर या, फक्त चपला माझ्यावर ठेवू नका. आणि बसंतराणीला माझा एक निरोप द्या. म्हणावं, तुझ्याखाली कुणी कुणासाठी रुमाल टाकलेला मी अजून तरी पाहिला नाही.