सोडियमचं झबलं

नववीच्या पोरांच्या डोक्यात आवर्तसारणी काही केल्या शिरेना, तेव्हा दानेश्वरी मॅडमनी मूलद्रव्यांचं बारसं घालायचं ठरवलं. प्रत्येकानं एकेक मूलद्रव्य बाळासारखं गुंडाळून आणायचं आणि त्याची ओळख करून द्यायची. नाव, वजन, घराणं, स्वभाव.

वर्गात नुसती धमाल उडाली. कुणी हेलियमचा फुगा टोपडं घालून आणला, कुणी तांब्याची तार दुपट्यात. माहेनूर बरेच दिवस गैरहजर राहून त्याच दिवशी आली होती. तिचा बाप अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. तिनं पिवळ्या झबल्यात गुंडाळलेली रिकामी बाटली पुढं धरली.

"बाळाचं नाव सोडियम. वजन तेवीस. याला उघडी हवा सोसत नाही. म्हणून रॉकेलात ठेवतात."

पोरं खदखदून हसली. माहेनूर हसली नाही.

"झबलं किती गोड गं. तू शिवलंस?" दानेश्वरीनं विचारलं.

"अम्मीनं."

सगळी बाळं प्रयोगशाळेतल्या फळीवर मांडून ठेवली. दुसऱ्या आठवड्यात माहेनूर दाराशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, झबलं परत द्या की. अम्मी सगळीकडं शोधतीय. मी न विचारता आणलं होतं."

"अगं, कुणाचं आहे ते?"

"भावाचं. दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. घरी आलाच नाही."

फळीवरून उतरवलेल्या झबल्यावर धूळ बसली होती, कडेला शाईचा डाग. असं कसं परत करायचं? ते तिनं घरी नेलं, हातानं हळुवार चोळून धुतलं, वासाच्या पाण्यातून काढलं, इस्त्री केली आणि सकाळी स्वतःच माहेनूरच्या घरी घेऊन गेली.

माहेनूरच्या आईनं दोन्ही हातांनी झबलं घेतलं आणि लगेच नाकाशी नेलं. मग पुन्हा एकदा हुंगलं, गळ्यापाशी, काखेपाशी.

"धुतलं व्हय, मॅडम?"

"डाग पडला होता," दानेश्वरी म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

"व्हय. पडला असंल." बाईनं मान हलवली. "त्याच्या अंगावरनं काढलं तसंच ठिवलं होतं मी. उशाखाली."

बाईनं चहा टाकला, कप पुढं केला.

"पोरीला रागावू नका. तिला काय म्हाईत."

चहा संपला. मग बाई उठली, झबल्याची नीट घडी घातली आणि कपाटात, धुतलेल्या कपड्यांच्या चवडीवर ठेवून दिली.