एकाच घाण्यातली नळी

सकाळी कारखान्याचं दार उघडलं आणि नळीताईला काहीच ऐकू आलं नाही. नळ्या वाकवून बघणारं यंत्र थांबलं होतं. ते आपोआप एकाच कारणाने थांबायचं, आत लावलेली नळी फाटली तर.

तिने वाकून पाहिलं. कडेपाशी नखाएवढा तुकडा सुटून लोंबत होता. त्याच घाण्यातली, म्हणजे भट्टीतून एकाच वेळी निघालेली दुसरी नळी काल संध्याकाळी डॉक्टर घेऊन गेले होते. आज सकाळी ती एका तान्ह्या मुलीच्या श्वासनळीत बसवायची होती. असा तुकडा आत सुटला, तर मुलीचा श्वासच कोंडणार.

नळीताई हे नाव कारखान्यातल्या बायकांनी थट्टेत ठेवलेलं. आधी ती कुकरच्या रिंगा बनवायची. राजधानी तेव्हा एका अख्ख्या दिवसाच्या वाटेवर होती आणि तिकडचं कोणी इकडे फिरकायचं नाही. वेगवान गाडी सुरू झाली आणि राजधानी पाऊण तासावर आली. मग एके दिवशी तिथले लहान मुलांचे एक सर्जन दारात उभे राहिले. "ताई, इतकी बारीक आणि इतकी मऊ नळी मला कोणी करून देत नाही. तुम्ही बघता का?"

तेव्हापासून ते दर बुधवारी येत. सकाळी वॉर्डातली फेरी उरकून गाडीत बसायचे आणि संध्याकाळी परत वॉर्डात हजर. मधला वेळ दोघं एका टेबलाशी भांडत. "हे वळण कमी करा." "करते की, पण मग तुमचा चिमटा घसरेल, तेव्हा माझ्या नावाने ओरडू नका." फोनवर हे जमलं नसतं, त्यासाठी एकच नळी दोघांच्या बोटांत असावी लागायची. वर्षभरात त्यांनी जी नळी बनवली, तशी आसपास कुठेच मिळत नव्हती.

मात्र काल डॉक्टर घाईत होते. त्या मुलीची जुनी नळी सारखी बुजत होती.

"तपासणी सकाळपर्यंत चालेल," ती म्हणाली होती.

"गाडी सुटेल माझी. आजवर एक तरी फाटलीय का?"

आणि तिनेही मान डोलावली होती.

तिने फोन लावला. डॉक्टरांचा बंद. रुग्णालयात लावला, तर एक बाई म्हणाली, "पेशंटचं नाव सांगा." नाव नळीताईला ठाऊकच नव्हतं. "डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, निरोप ठेवते," म्हणून त्या बाईने फोन ठेवला. निरोप कुठे ठेवला, देव जाणे.

भट्टी सांभाळणारा मावसभाऊ म्हणाला, "मी जातो. तुला त्या गाडीची भीती वाटते."

"तुला तिथे आत कोण सोडणार?" आधीच्या घाण्यातल्या, जरा कमी मऊ पण तपासणीत टिकलेल्या नळ्यांचा डबा आणि ती फाटलेली नळी पिशवीत टाकून ती निघाली.

मावसभाऊ खोटं बोलत नव्हता. ती त्या गाडीत कधी बसली नव्हती. डॉक्टर येतात ना, मग मी कशाला जाऊ, म्हणून वेळ मारून न्यायची. आता खिडकीबाहेरची शेतं एकमेकांत कालवली जात होती आणि ती जीव मुठीत धरून बसली होती. तेवढ्यात बोगदा आला, फोनची रेंज गेली. पाठोपाठ गाडी हळू झाली आणि थांबली.

"काय झालं?" तिने शेजारच्या माणसाला विचारलं.

"पुढची गाडी निघाली नसेल. होतं असं," म्हणत त्याने पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

काळ्या खिडकीत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता. आता भूल देत असतील. आता चिमटा उचलला असेल. तिने डोळे मिटले, तर तो लोंबणारा तुकडा दिसायला लागला. गाडी हलली, तेव्हा तिची बोटं पिशवीच्या बंदात रुतून पांढरी पडली होती.

रुग्णालयाच्या दारात रखवालदाराने अडवलं. ती भांडली नाही. पिशवीतून फाटलेली नळी काढून तिने त्याच्यापुढे धरली. "अशीच नळी आत एका बाळाच्या गळ्यात घालतायत. मला कोणाकडे तरी ने रे बाबा." त्याने एकदा नळीकडे पाहिलं आणि तिला घेऊन तो जिन्याकडे धावला.

आत निरोप गेला आणि डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीबाहेर आले, ते हात वर धरून, डोळ्यांखाली मास्क. "ताई? तुम्ही इथे?"

"बसवली?"

"आत्ताच. भूल अजून उतरवली नाही."

तिने नळी दाखवली. "त्याच घाण्यातली आहे."

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. डबा सिस्टरकडे द्यायला सांगितलं आणि आत वळले. दार मिटलं.

बाकावर एक तरुण बाई बसली होती. तिच्या मांडीवर इवलं टोपडं होतं. "तुम्ही डॉक्टरांच्या कोण?" तिने विचारलं.

नळीताई तिच्याकडे वळली. "मी नळी बनवते. पहिली खराब निघाली. ते बदलतायत."

त्या बाईने तिच्याकडे पाहिलं, ते पाहणं नळीताईला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बाई फक्त बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली, आणि दोघी त्या दाराकडे बघत राहिल्या.

दार उघडलं तेव्हा ऊन जिन्यावरून उतरून गेलं होतं. "पहिली निघाली. नवी नीट बसली," डॉक्टर म्हणाले. आईने टोपडं तोंडावर दाबलं आणि आत धावली. डॉक्टर मात्र नळीताईशेजारी मटकन बसले.

"कड सुटायलाच लागली होती, ताई."

"मी तुम्हाला अडवायला हवं होतं."

"मी अडलो असतो का? गाडी इतक्या लवकर पोचवते, की थांबायचं असतं हेच विसरलो आपण."

"यापुढे यंत्र सांगेपर्यंत नळी दाराबाहेर जाणार नाही. तुमची गाडी सुटली तरी."

"सुटू दे."

थोड्या वेळाने सिस्टरने तिला काचेपाशी नेलं. मुलीची छाती खाली-वर होत होती, अगदी एका लयीत. आईने आतून पाहिलं. हसली नाही, पण पडदाही ओढला नाही. नळीताई तिथेच उभी राहिली. एक श्वास संपला, की पुढचा येईपर्यंत ती मनात आकडे मोजत होती.