तिसरा ओटा

माझ्या दोन्ही भावांना मी रांधून वाढवलं. आई लवकर गेली, डॅडी होडीवर, त्यामुळे शाळेच्या वयातच चूल माझ्या गळ्यात पडली. पुढे वसईच्या एका शाळेत क्लार्क झाले, पण सकाळचा स्वयंपाक उरकूनच बस पकडायची. माझं लग्न राहून गेलं. सेबेस्टियन आणि विल्फ्रेडची झाली. हे उपकार म्हणून सांगत नाही. माझी चीड कळावी म्हणून सांगते.

राजोडीची जागा डॅडींनी जाताना तिघांच्या नावावर ठेवली. जुनं कौलारू घर पाडून तीन मजली बांधायचं, प्रत्येक मजल्यावर एक घर, असं आमचं ठरलं. वरचं मी मागून घेतलं. वारा खात, स्वतःच्या ओट्यापाशी उभं राहून फक्त स्वतःपुरतं कालवण करायचं, एवढीच माझी हौस होती. कुणाच्या डब्याची घाई नाही, कुणाच्या पथ्याचा विचार नाही. हसू नका, आयुष्यभर पंगती उठवलेल्या बाईला याहून मोठी हौस सुचत नाही.

विरारचा आर्किटेक्ट संकेत नकाशा घेऊन घरी आला. चांगला मुलगा, पण तोंडावर सांगून मोकळा झाला.

"मावशी, तुमच्यासमोरचा रस्ता अरुंद आहे, गाड्या लावायला जागा नाही. या जागेवर दोनच घरं मंजूर होतील."

"मग तिसरं?" सेबेस्टियनने विचारलं.

"मार्ग आहे. नकाशात किचनवरून घर मोजतात. ओटा दाखवला तर घर, नाही दाखवला तर नुसत्या खोल्या. एका मजल्यावरचा ओटा काढून तिथे स्टोअर रूम लिहितो. कागदावर दोन घरं, राहायला तीन."

कुणाचा ओटा, हे कुणी विचारलंच नाही. दोन्ही भाऊ नकाशातल्या वरच्या मजल्याकडे बघत बसले.

"बाय, तू एकटी," विल्फ्रेड म्हणाला. "तुला असं किती रांधायचं? आमच्याकडं जेव ना."

"मग तुझा ओटा काढ," मी म्हटलं. "जन्मापासून तू माझ्याकडंच जेवतोस. आनखी जेव."

त्याची बायको शर्लिन पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली ती बाहेर आलीच नाही. सेबेस्टियन माझ्या शेजारी येऊन बसला. "बाय, फक्त नकाशात नाय. घर पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट हातात आलं का लगेच तुझा ओटा बांधून देतो. डॅडीची आन."

डॅडींचं नाव निघालं. मी सही केली.

मग शुल्कांची रांग लागली. छाननीचं, विकासाचं, कामगारांच्या उपकराचं, वर अनामत रक्कम. विल्फ्रेडने बरोबर तीन वाटण्या केल्या. शुल्क बांधकामाच्या क्षेत्रफळावर लागतं, त्याला चूल असो वा नसो. माझी तिसरी वाटणी मी प्रॉव्हिडंट फंडातून भरली.

बांधकाम होईपर्यंत आम्ही सगळे भाड्याच्या घरात एकत्र राहिलो. स्वयंपाक कोण करत होतं, हे सांगायला नको. घर उभं राहिलं तशी मी ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट आणून वरच्या मजल्यावर भिंतीला टेकवून ठेवला. पालिकेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सेबेस्टियनने तो उचलून मागच्या दारी नेला. साहेबांच्या नजरेला पडायला नको, म्हणाला.

साहेब आले, जिने चढले, माझ्या रिकाम्या स्टोअर रूममध्ये डोकावले.

"इथे कोण राहतं?"

"कोन नाय साहेब," सेबेस्टियन म्हणाला. "पाहुन्यांसाठी ठेवलंय."

मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. एक शब्द बोलले असते तर दोघांची घरं अडकली असती. त्यांना अडकवावं असं मला फार वाटलं, हेही खरं आहे. पण मी साहेबांना साखर किती ते विचारलं.

सर्टिफिकेट मिळालं. फादर येऊन तिन्ही मजल्यांवर पवित्र पाणी शिंपडून गेले. आठवडा गेला, महिना गेला, तेव्हा मी सेबेस्टियनकडे ओट्याचा विषय काढला.

"आता नको, बाय," तो म्हणाला. "जिकडंतिकडं पाडापाडी चाललीय. कोनी तक्रार केली तर सगळंच जाईल. नियम तो नियम."

ज्याने पळवाट शोधून घर उभं केलं, त्याच माणसाला माझ्या दाराशी येऊन नियम आठवला. मी विल्फ्रेडकडे गेले. तो म्हणाला, दादा म्हणतो ते बरोबर आहे. इंडक्शनची शेगडी तरी ठेवू दे म्हटलं, तर मीटर स्टोअर रूमच्या लोडचा आहे म्हणाला. माझा ग्रॅनाइट मागच्या दारी तसाच आहे. सेबेस्टियनची बायको लिली त्यावर मासे साफ करते.

आता माझ्या जेवणाचे वार लावून दिले आहेत. एक दिवस लिलीकडे, एक दिवस शर्लिनकडे. दोघी वाईट नाहीत, वाढताना हात आखडत नाहीत. पण फोडणीचा वास वर आला तरी हाक येईपर्यंत मला खाली उतरता येत नाही. मी चप्पल घालून दाराशी बसून राहते.

काल लिलीने बोंबलाचं कालवण केलं होतं. "कसं झालंय, बाय?" तिने विचारलं. मीठ कमी होतं. बरणी समोरच्या फळीवर होती, हात लांबवला असता तर मिळाली असती. छान झालंय म्हणाले आणि तसंच जेवले.